तांब्यातलं उरलेलं

मी लोटा विसळला, एवढंच झालं होतं. जैसलमेरहून खुडीला जायचं, खुडी मागे टाकून आणखी थोडं पुढे; डांबर संपलं की वाळूत चाकांच्या दोन रेघा, आणि त्या रेघांच्या शेवटी एक ढाणी. तीन गोल झोपड्या, वर खींपाच्या काड्यांनी शाकारलेलं छप्पर, शेणाने सारवलेलं अंगण, भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण. डिसेंबरातली दुपार होती. उन्हात बसलं की पाठ भाजायची आणि सावलीत सरकलं की शाल लागायची. बाजरीचा जाडजूड सोगरा, केर-सांगरीची भाजी आणि कढी असं पोटभर जेवून आम्ही निघालो होतो. घरातल्या आजींनी पितळेचा लोटा पुढे केला. कोपराच्या वरपर्यंत पांढरे चुडे, ओढणीचा पदर दातात धरलेला. पाणी गार होतं आणि त्याला कसलीच चव नव्हती, म्हणजे ज्याला आम्ही गोडं पाणी म्हणतो तसं. लोट्याला तोंड लावून मी अर्धं प्यायले. मग हात आपोआप चालला. उरलेलं पाणी लोट्यात गोल फिरवलं, कडेवर बोट फिरवलं, आणि अंगणाच्या बाहेर वाळूत भिरकावून दिलं. काळ्या मातीत पाणी टाकलं की ती चुरचुरते, वास सोडते, काहीतरी बोलते. वाळू काहीच बोलली नाही. दोन तळहातांएवढा एक गडद डाग पडला. कुठूनसं एक करडू आलं आणि तो डाग चाटायला लागलं.

आजी लोट्याकडे बघत होत्या. रागाने नाही. बाजारात एखाद्याने जास्तीचे पैसे दिले आणि तसाच निघाला तर आपण त्याच्या पाठीकडे बघतो, तसं काहीसं. मग त्यांनी लोटा माझ्या हातून घेतला, ओढणीने आतून पुसला आणि पालथा घातला. बोलल्या काहीच नाहीत.

मी लातूरची आहे.

हे एक वाक्य लिहिलं की मराठी वाचकाला पुढचं सांगावं लागत नाही. आमचं मूळ गाव औशाच्या बाजूला. वाड्यात आड होता, त्याला रहाट. दोर ओढून ओढून आजीच्या तळहातांना पडलेले घट्टे चुलीवरच्या तव्यालाही दाद देत नसत. उन्हाळ्यात आडाचं पाणी तळाला जायचं, पोहरा खाली दगडाला लागून वाजायचा, आणि तो आवाज आला की घरातली मोठी माणसं एकमेकांकडे बघायची. चुंभळीवर घागर, घागरीवर कळशी घेऊन मी स्वतः आणलेलं पाणी परसातल्या रांजणात रिकामं केलेलं आहे. रांजण पाझरायचा, त्याच्या बुडाशी अळू माजलेलं असायचं, आणि त्या हिरव्या ओलीत बसून मी आजीकडून बहात्तरच्या गोष्टी ऐकायची. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडल्याच्या, सुकडी खाल्ल्याच्या, दारात जनावर बसलं ते उठलंच नाही याच्या. तेव्हा तहान, टंचाई, टँकर हे विषय निघाले की मी पुण्याच्या मित्रमंडळींत जरा ताठ बसते. तुम्ही वाचलंय, मी भोगलंय, असा एक सूर माझ्या आवाजात येतो. तो मला ऐकू येतो, तरी मी तो आवरत नाही.

शिवाय 2016 आहेच. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलच्या 12 तारखेला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या गाडीचं जलदूत हे नाव नंतर सगळ्यांच्या तोंडी बसलं. मी तेव्हा सुट्टी काढून आईकडे गेले होते. स्टेशनवर माणसं मोबाईल उंच करून उभी होती, कुणी डब्यांना हार घातले होते, आणि एक म्हातारे गृहस्थ रेल्वेच्या टाकीला हात लावून तो हात कपाळाला लावत होते. त्या टाक्या राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन आमच्याकडे पाठवल्या होत्या, हे मला तेव्हा ठाऊक होतं आणि त्याचं काहीच वाटलं नव्हतं. खुडीहून परतताना गाडीत ते एकदम आठवलं. आमच्या पाण्याची भांडी राजस्थानने विसळून दिली होती.

वाळवंट बघायला जायची कल्पना मैत्रिणीची. मी म्हटलं होतं, रखरखाट बघायला पैसे कशाला मोजायचे, मे महिन्यात आमच्याकडे चल. पण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात वाळवंटाचा एक कॅलेंडरवरचा फोटो असतो, तसा माझ्याही होता. सोनेरी टेकड्या, त्यांच्या धारेवरून जाणारी उंटांची रांग, मावळता सूर्य. तो फोटो जैसलमेरजवळच्या सम या गावी मिळतो. रांगेत उभं राहून मिळतो. पन्नासेक जीपगाड्या एकाच टेकडीवरून किंचाळत उतरतात, उंटाच्या गळ्यात प्लास्टिकच्या फुलांच्या माळा असतात, आणि रात्री प्रत्येक तंबूवस्तीचा डीजे शेजारच्या तंबूवस्तीच्या डीजेशी भांडत असतो. त्याबद्दल तक्रार करायचा मला अधिकार नाही, आम्हीही तिथे चहा-भजी खाल्लीच. सांगायचं ते वेगळंच. सम सोडलं, खुडी सोडली, की या जिल्ह्यात वाळूच्या टेकड्या मैलोन्‌मैल दिसतच नाहीत. दिसतो तो माळ. खडकाळ, पिवळट, खुरटा. मध्येच एखादी खेजडी, म्हणजे आपली शमी. रुईची झुडपं, बोरी, आणि सेवण गवताचे वाळलेले झुपके. गाडीच्या काचेतून बघता बघता मला फसवल्यासारखं वाटायला लागलं. रेल्वेत दीड दिवस घालवून मी तुळजापूर-सोलापूर रस्त्यावर आले होते.

भाषेनेही तेच केलं. हिंदीसाठी जीभ तयार करून गेलेल्या मला पहिल्याच दिवशी चहावाल्याने विचारलं, 'पाणी?' पानी नव्हे. पाणी, चांगला जिभेवर उलटून म्हटलेला आपला ण. पुढे कान लावून बसल्यावर ळही सापडला. आमचे गाडीवाले काका साठीच्या आसपासचे, मिशा वळवलेले, बिकानेरी शेवेची पुडी डॅशबोर्डवर कायम उघडी. ते दुष्काळाला नुसतं काळ म्हणत. पाऊस नीट झाला, बाजरी हाती आली, तर त्या वर्षाला म्हणायचं जमानो. 'इस बार जमाना अच्छा है' असं त्यांनी म्हटल्यावर मी राजकारणावर बोलायच्या तयारीत बसले, तर ते शेताकडे बोट दाखवत होते. दाणा नसेल तर अन्नकाळ, पाणी नसेल तर जळकाळ, चारा नसेल तर तृणकाळ, आणि तिन्ही एकदम आले की त्रिकाळ. आम्ही त्रिकाळ हा शब्द पूजेसाठी वापरतो. विक्रम संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा काळ अजून छपनियो म्हणून ओळखला जातो, आणि काकांनी तो शब्द असा उच्चारला की जणू गावातल्या एखाद्या दांडग्या, मेलेल्या सावकाराचं नाव घ्यावं. माझ्या आजीचं बहात्तर मला आठवलं. आकड्यांनी ओळखले जाणारे हे पाहुणे सगळीकडे असतात तर.

आता त्या दुपारकडे. लोटा विसळायच्या तासभर आधी मी त्याच ढाणीतल्या टाक्याचे फोटो काढत होते.

टांका म्हणतात त्याला. अंगणापासून थोडं लांब, जमीन साफ करून, ठोकून, मधल्या बाजूला किंचित उतार दिलेलं एक मोठं गोल खळं. त्याला आगोर म्हणायचं. आपल्याकडे धान्याचं खळं चोपून-सारवून करतात अगदी तसं, फक्त या खळ्यात पावसाची मळणी होते. मधोमध गुडघाभर उंचीचा एक चौथरा, त्याच्या पायाशी जाळी लावलेली भोकं. पाऊस पडला की आगोरातलं पाणी उतरत त्या भोकांतून खालच्या हौदात जातं आणि वर्षभर अंधारात राहतं. अंधारात ठेवायचं कारण साधं आहे. उघड्यावरचं पाणी ऊन पितं, शेवाळ खातं. चौथऱ्यावर लोखंडी झाकण, आणि झाकणाला कुलूप. झोपडीच्या दाराला नुसती कडी होती. मी त्या कुलपाचा फोटो काढला, तिरक्या उन्हात, मागची झोपडी धूसर दिसेल असा. बरा आला होता. आगोरात चपला घालून शिरले होते, हे आजींच्या सुनेने हाताने खुणावल्यावर कळलं. मी ओशाळून चपला काढल्या आणि 'कितना सुंदर है, सब के घर में ऐसा होना चाहिए' असं काहीतरी बोलून गेले.

सून माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. घुंगट मैत्रिणीच्या आणि माझ्यापुरता वर केलेला. ती हसली आणि म्हणाली, 'आपको टांका अच्छा लगा. मुझे तो नल अच्छा लगता है.'

तिच्या माहेरी दीड कोसावरून पाणी यायचं. डोक्यावर ईंढोणी, म्हणजे आपली चुंभळ, तिला शंख-कवड्या लावून सजवलेलं असतं. जैसलमेरच्या दुकानांत ती भिंतीवर टांगायची वस्तू म्हणून मिळते, आणि मी एक घेतलीही होती. ती माझ्या पिशवीत असताना ही बाई मला सांगत होती की सातवीत शाळा सुटली ती पाण्यापायी. आता गावापर्यंत पाइप आलाय, आठवड्यातून एक-दोनदा नळाला पाणी येतं, नहरेचं. पंजाबात हरिकेला सतलज आणि बियास मिळतात तिथून निघणारा हा कालवा. 1958 मध्ये काम सुरू झालं, पुढे त्याला इंदिरा गांधींचं नाव दिलं. साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास वाट तुडवून ते हिमालयाचं पाणी जैसलमेरच्या वाळूत पोचतं. नुसता आकडा म्हणून हे वाचताना मला नेहमी कालव्याच्या काठची पाणथळ झालेली, क्षार वर आलेली शेतं आठवायची. सेम म्हणतात त्याला, आणि तो त्रास खरा आहे. पण त्या सुनेच्या तोंडून 'नल' हा शब्द जसा आला तसा मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. टाक्याचं गुणगान करणं हा ज्याच्या घरात चोवीस तास नळ आहे त्याचा छंद आहे.

हे सगळं ऐकून, समजून, मान डोलावून झाल्यावर तासाभराने मी ते पाणी वाळूत टाकलं.

परतीच्या वाटेवर मी काकांना शेवटी विचारलंच, की आजींना वाईट वाटलं असेल का. त्यांनी आधी हसून टाळलं. मग शेवेचे दोन-चार तुकडे तोंडात टाकून एक म्हण ऐकवली: 'घी ढुळ्यां म्हारो कीं नीं जासी, पाणी ढुळ्यां म्हारो जी बळै.' तूप सांडलं तर माझं काही जात नाही, पाणी सांडलं तर जीव जळतो. मराठी माणसाला भाषांतर लागू नये इतकी ती आपल्या जवळची आहे. मी म्हटलं, पण आता तर नळ आहे ना घरी. काका म्हणाले, 'नळ तो है. पर वो पालर था, बाईसा. मेहमान को पालर देते हैं.'

पालर म्हणजे आभाळातून आलेलं, जमिनीत न मुरलेलं पाणी. विहिरींचं पाणी इथे बहुतेक ठिकाणी खारं, आणि नळाच्या पाण्याला पाइपाचा वास. नळाचं पाणी बकऱ्यांना, धुण्याला, रोजच्या पिण्याला. पालरात डाळ लवकर शिजते, चहा चांगला होतो, म्हणून ते राखून ठेवायचं. आल्यागेल्याला, आजाऱ्याला, सणावाराला. काकांच्या सांगण्यात कुठेही आरोप नव्हता, माहिती होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. आजी स्वतः त्या दुपारी कुठलं पाणी प्यायल्या, ते मी पाहिलं होतं. प्लास्टिकच्या निळ्या ड्रममधलं.

दुसऱ्या दिवशी कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांची ओस पडलेली गावं, दिवाण सालिमसिंगाची गोष्ट, एका रात्रीत गाव सोडल्याची, शापाची, भुताची. तिकीट खिडकीपाशी एक जोडपं विचारत होतं की रात्री थांबता येईल का. मोडक्या भिंतींतून फिरताना मला फार काही वाटलं नाही. घरं छान आहेत, रस्ते काटकोनात आहेत, आणि सगळीकडे सेल्फी काढणारे आहेत. काकांनाही कंटाळा आला असावा. 'भूत देख लिया? चलो, अब उनका खेत दिखाता हूं,' असं म्हणून त्यांनी गाडी एका भलत्याच वाटेला लावली.

आणि समोर हिरवा गहू. गुडघ्याखालचा, कोवळा, वाऱ्यावर एका बाजूला निजणारा. त्याच्या अलीकडे हरभरा. चहूबाजूंनी तोच पिवळा, दगडी माळ आणि मध्ये ही हिरवी पोळी. ना विहीर, ना पंप, ना पाइप. खडीन म्हणतात याला. वरच्या खडकाळ माळावर पडलेला पाऊस वाहून खाली येतो, तिथे सखल भागाच्या टोकाला मातीचा लांब बांध घातलेला असतो. पाणी अडतं, महिना-दोन महिने तुंबतं, जिरतं, बरोबर गाळ आणतं. मग पाणी ओसरलं की त्या ओलीवर रब्बीचं पेरायचं. पुढे एक थेंब द्यायचा नाही. पालीवालांनी शेकडो वर्षांपूर्वी घातलेले यातले काही बांध अजून काम करतात. ज्यांना आपण भुताची गोष्ट म्हणून बघायला येतो त्या लोकांचा गहू अजून उगवतोय, आणि त्याला तिकीट नाही. मी वाकून मातीत बोट खुपसलं. दुसऱ्या पेराला ओल लागली.

तिथे बांधावर बसून मी एक हिशेब केला, आणि तो केला नसता तर बरं झालं असतं. जैसलमेरला वर्षाला पाऊस किती, तर दोनशे मिलिमीटरही नाही. लातूरला सरासरी सातशे-आठशे. म्हणजे चौपट. दोनशेवाल्यांच्या शेतात पंपाशिवाय गहू डुलतोय, आणि आठशेवाल्यांना रेल्वेने पाणी पाठवावं लागलं. हे काही मी लावलेला शोध नाही. 2016 मध्ये पेपरांत रकानेच्या रकाने लिहून आलं होतं, ऊस, बोअर, कारखाने, सगळं. मला ते वाचताना राग यायचा तो मुंबईत बसून लिहिणाऱ्यांचा. कारण माझ्या काकाचा ऊस होता. दोन एकर. त्याच उसावर चुलतभावाचं इंजिनिअरिंग झालं आणि चुलतबहिणीचं लग्न झालं. लग्नात मी मिरवले. सातशे फुटांवर बोअर लागला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. कुणाला दोष द्यायला जावं तर बोट फिरून आपल्याच ताटाकडे येतं. आणि तुलनेतही खोट आहेच, हेही मला बांधावर बसल्या बसल्या कळत होतं. इथल्या चौरस मैलात माणसं किती, आमच्याकडे किती. खडिनाच्या गव्हावर इंजिनिअरिंग होत नाही. गाडीवाल्या काकांची दोन्ही मुलं सुरतला आहेत, कापडाच्या धंद्यात. तरीही बोटाला लागलेली ती ओल पुसावीशी वाटेना.

त्या रात्री आम्ही गावाबाहेरच्या एका साध्या मुक्कामी होतो, डीजेपासून लांब. जेवण झाल्यावर चादर गुंडाळून वाळूवर बसलो. थंडी अशी की दात वाजत होते, आणि वाळू मात्र वरून गार, खाली हात खुपसला तर अजून दुपारचं ऊन सांभाळून बसलेली. तारे मोजायच्या पलीकडे होते. पण क्षितिजाच्या कडेने, डावीकडून उजवीकडे, लाल दिव्यांची एक रांग होती, आणि ते सगळे दिवे एकदम लुकलुकायचे, एकदम विझायचे. पवनचक्क्या. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर त्या पाहिल्यात, इथे त्यांना अंतच नव्हता. दिवसा त्यांच्या जोडीला विजेच्या तारांचे मनोरे दिसले होते, सौर पट्ट्यांची निळी शेतं दिसली होती. काकांनी एका मनोऱ्याकडे बोट करून म्हटलं होतं, यांनी गोडावण मरतो. त्याला समोरचं नीट दिसत नाही, अंगाने जड, ऐन वेळी वळता येत नाही, तारेवर आदळतो.

गोडावण म्हणजे आपला माळढोक. सातवीत असताना आमची सहल सोलापूरजवळ नान्नजला गेली होती. तासभर कुडाच्या आडोशाला बसवून ठेवलेली चाळीस पोरं, ओठांवर बोट ठेवून उभा असलेला वनरक्षक, आणि गवताच्या पलीकडे लांबवर एक उंच, ताठ मान. ती मान फिरली, आमच्या दिशेने थांबली, आणि चालत गवतात बुडाली. एवढंच. नान्नजचं अभयारण्य 1979 चं, कागदावर एके काळी आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर. आता तिकडे एखादा पक्षी दिसला तरी पेपरात बातमी येते. देशात उरलेत ते दीडशेच्या आत, आणि त्यातले बहुतेक या जैसलमेरच्या माळावर. तारा जमिनीखालून न्या, असं 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पुढे तो आदेश सैल झाला. मी त्या लाल दिव्यांकडे बघत बसले. माझ्या पुण्याच्या घरात वीज कुठून येते हे मी कधी विचारलं नव्हतं. तो पक्षी आम्हाला काही दिसला नाही. दिसला तो त्याच्या चित्राचा फलक, आणि फलकावर बसलेला कावळा.

निघायच्या दिवशी किल्ला. माणसं राहतात असा किल्ला, म्हणून त्याचं कौतुक. गल्ल्यांत चादरी टांगलेल्या, कढईत कचोरी, गच्चीवर कॉफी. पूर्वी इथे पाणी खालून घागरींनी वर यायचं. मग नळ आले, हॉटेलं आली, शॉवर आले, आणि सांडलेलं पाणी टेकडीच्या पोटात मुरून किल्ल्याचे बुरूज ढासळायला लागले. बाराव्या शतकापासून वेढे सोसलेल्या किल्ल्याला पाण्याने आतून पोखरलं. हे ऐकलं त्या सकाळी मी वीस मिनिटं गरम पाण्याने अंघोळ करून आले होते. किल्ल्यातल्याच हॉटेलात.

पुण्याला आल्यावर चार-पाच दिवस तो लोटा काही डोक्यातून जाईना. ईंढोणी भिंतीवर लावली, काढली, परत लावली. फोटो मैत्रिणींना पाठवले. कुलपाच्या फोटोला सगळ्यात जास्त वाहवा मिळाली. शेवटी रविवारी आईला फोन केला. आई अजून लातुरातच असते, एकटी, कुठे येत नाही. किल्ला, वाळू, उंट यांत तिला रस नव्हता. मी भीत भीत लोट्याचं सांगितलं. तिने मधे एकदाही टोकलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग चौकशी सुरू केली.

"किती होतं?"

"अर्धा लोटा असेल."

"लोटा म्हंजे फुलपात्राएवढा का तांब्याएवढा?"

"तांब्याएवढा."

"म्हंजे दोन पेले झालं की गं. खारं होतं का गोडं?"

"गोडं. पावसाचं. पाहुण्यांसाठी राखलेलं."

पलीकडे थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज येत राहिला. मग तिने तोही बंद केला.

"भांडं विसळून द्यावं हे मीच शिकिवलं तुला," ती म्हणाली. "बरुबर हाय ते. पण विसळल्यालं पाणी आपण कुठं वतायचो?"

मला एकदम रांजणाचं हिरवं, शेवाळलेलं बूड दिसलं.

"अळवात," मी म्हटलं.

"मग?" आई म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत, "थांब थांब, नळ आला वाटतं. सहा दिसांनी आलाय मेला." फोन कुठेतरी ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. मग लगबगीची पावलं, बादलीची कडी, हंडा ओढल्याची खरखर. रिकाम्या तांब्याच्या हंड्यात पाण्याची पहिली धार पडली ती खणखणीत, मग आवाज हळूहळू जाड होत गेला, वर वर येत गेला. हंडा गळ्यापर्यंत आला की आई धार दुसऱ्या भांड्यावर वळवते, मधे एक थेंब खाली पडू देत नाही. ते मला फोनवरूनही कळत होतं. पहिला हंडा भरला. दुसरा लागला. तिसऱ्यानंतर कळशी. आई मला विसरून गेली होती. मी फोन कानाला तसाच धरून बसले होते.